ऑडिओ डॉक्युमेंटरी करणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या डेव्हिड आयसेंवर लेख लिहितेय. ओळखीत 'स्वतंत्र ध्वनिमाहितीपट-निर्माता' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, वाचताना धाप लागते. सुटसुटीत काही आहे का?

— 'माहितीपटा'तला पट म्हणजे पडदा. ऐकायच्या गोष्टीला तो कशाला? निवेदन, मुलाखती, संगीत, प्रत्यक्ष जागेवरचे आवाज गुंफलेल्या कार्यक्रमाला आकाशवाणीवर 'रूपक' म्हणतात. तेच घ्या. 'श्रुतिका' मात्र नको, ती लिहिलेली नाटिका.

— नुसतं 'रूपक' लिहिलंत तर वाचकाला शाळेतला अलंकार आठवेल. 'रेडिओ रूपक' म्हणा. गंमत बघा, 'दशरूपक' या संस्कृत नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथाचा कर्ता धनंजय म्हणतो, नाट्य दिसतं म्हणून ते 'रूप'. आणि शब्द येऊन बसला कुठे, तर जिथे काहीच दिसत नाही तिथे!

— मला 'निर्माता' जास्त खटकतो. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. आयसेंनी 1993च्या 'गेटो लाइफ 101'साठी शिकागोच्या साउथ साइडमधल्या दोन शाळकरी मुलांच्या हाती टेपरेकॉर्डर दिले. घरातलं, गल्लीतलं ध्वनिमुद्रण मुलांचं, निवेदनही त्यांचंच. मग आयसेंनी काय केलं? विषय हेरला, मुलं निवडली, ढीगभर टेपमधून अर्ध्या तासाचा कार्यक्रम बांधला. हे सगळं 'निर्माता'त येतं कुठे? 'रूपककार' कसा वाटतो?

— झकास. नाटककार, कथाकार यांच्या पंगतीत बसतो.

— 'स्वतंत्र'ऐवजी 'मुक्त' का नको? 'मुक्त पत्रकार' रुळलेला आहेच की.

— मुक्त पत्रकार नोकरीत नसतो, पण काम बहुधा दुसऱ्याच्या अंकासाठी करतो. आयसेंनी 1994मध्ये 'साउंड पोर्ट्रेट्स' ही स्वतःची संस्था काढली. कार्यक्रम सार्वजनिक रेडिओवर लागायचे, पण विषय ह्यांचे आणि निधी उभा करण्याची दगदगही ह्यांचीच. त्याला मुक्त कसं म्हणणार? 'स्वतंत्र'च ठेवा.

— ठरलं तर मग, 'स्वतंत्र रेडिओ रूपककार'. सगळ्यांचे आभार!

— एक राहिलं. 2003मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आयसेंनी 'स्टोरीकॉर्प्स' या उपक्रमाची पहिली ध्वनिमुद्रण-खोली उघडली, तिथल्या कामाला हा शब्द लावू नका. मायलेकी, नवराबायको, जुने मित्र असे दोघं आत बसून एकमेकांशी बोलतात आणि ते ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जातं. त्याला 'ध्वनिमुद्रित संभाषण' पुरे.