बेटांवरची तीर्थयात्रा : मधल्या प्रवासाच्या दिवसाचे अनुभव सांगा

तीर्थयात्रेबद्दल लिहिताना आपण सगळे पोहोचल्यानंतरचं लिहितो. वेदी, मेणबत्त्या, फोटो. धक्क्यावर कुडकुडत बसल्यावर थर्मासमधला शेवटचा घोट कुणी प्यायचा यावरून नवरा-बायकोत जे होतं ते कुणी लिहीत नाही. हा धागा त्या दिवसासाठी. बेट कुठलंही चालेल, पंथही कुठलाही. सुरुवात मीच करते.

आम्ही दोघं मूळ नगर जिल्ह्यातले, मुलीकडे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला गेलो होतो. यांच्या मनात बरीच वर्षं आयोना हे तीर्थबेट होतं. नकाशात पाहिलंत तर ते बेटापलीकडचं बेट आहे. ग्लासगोहून रेल्वेने ओबान, तिथून मोठ्या बोटीने पाऊण-एक तासात मल बेटावरचं क्रेगन्यूर, मग बसने अख्खं मल ओलांडून फिनफर्ट, आणि शेवटी दहा मिनिटांची छोटी बोट. म्हणजे चार वाहनं, आणि एक चुकलं की पुढची सगळी चुकली.

मलवरचा बसचा रस्ता सव्वा तासाचा, पण एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. मध्ये मध्ये रस्त्याला पोट सुटल्यासारखी जागा केलेली असते. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, तो त्यात शिरून थांबतो. दुसरा जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, झालं. हॉर्न नाही. हे सारखे मोजत होते, आपल्या ड्रायव्हरने किती वेळा बोट उचललं ते. चाळीसनंतर मेंढ्या आडव्या आल्या आणि मोजणी चुकली.

फिनफर्टला उतरलो तर वाऱ्यामुळे छोटी बोट बंद. कधी सुरू होईल? ‘समुद्राला विचारा.’ समोर, मैलभर पाण्यापलीकडे, मठ स्वच्छ दिसतोय. गुलाबी ग्रॅनाइटच्या खडकांवर लाटा फुटतायत. हे म्हणाले, ‘इथला पहिला मठ बसवणारे संत कोलंबा 563 साली आयर्लंडहून बारा साथीदार घेऊन कातडी मढवलेल्या होडीतून आले म्हणतात. आपल्याला इंजिनाची बोट असून नदीएवढं पाणी ओलांडता येईना.’ मी म्हटलं, त्यांच्याकडे वेळापत्रक नव्हतं. त्यावर आमचं जरा वाजलं, कारण सकाळी ओबानला आणखी एक कॉफी घेण्याचा हट्ट यांचा होता आणि त्यात आधीची बोट गेली होती.

अडीच तास बसलो. एक शेतकरी मेंढ्यांच्या खाद्याची पोती घेऊन बसला होता. त्याने बिस्किटं दिली, मी भडंग दिलं. तिखट लागलं तरी बिचाऱ्याने मूठभर संपवलं. बाहेरच्यांच्या गाड्या आयोनावर नेता येत नाहीत, त्यामुळे उतरल्यावर चाकांच्या बॅगा खडखडवत चालतच निघालो. जेवणाची वेळ टळली होती. मठातली संध्याकाळची प्रार्थना मात्र मिळाली. पडक्या झालेल्या मठाच्या इमारती 1938 पासून जॉर्ज मॅक्लाउड या पाळकांनी ग्लासगोतले बेकार कारागीर आणि शिकाऊ पाळक एकत्र आणून पुन्हा उभ्या केल्या. यांचे वडील गवंडी. हे प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून दगडांचे सांधे बघत होते.

मे महिना, रात्री दहापर्यंत उजेड. खिडकीखालच्या गवतातून कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा आवाज सतत. यांना वाटलं कुणीतरी जुनं घड्याळ चावी देतंय. पक्षी होता, कॉर्नक्रेक. दिसला शेवटपर्यंत नाही.

वसईकर आजोबा

आमचं बेट जवळचं. 2024च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला गेलो. दहा वर्षांनी येतं, पुढच्या वेळी मी कुठे असेन सांगता येत नाही. दर्शनाची रांग, ऊन, सगळं तुम्हाला ठाऊक. पण आमची मंडळी म्हणाली, आता मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जाऊ. मिस्सा झाली, दर्शन झालं, आता कशाला? तर म्हणे, बोटीत बसायचंय.

फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. स्कूटर, मासळीची टोपली, शाळेची पोरं, सगळे एकाच पत्र्यावर. दहा मिनिटांत पलीकडे. टेकडीवर पिएदाद चर्च आहे, वर चढेपर्यंत माझा दम गेला. तिथल्या सावलीत बसून मंडळीने पिशवीतून घरचे फुगे (आमच्याकडचे पिठाचे तळलेले गोळे) काढले. वसईहून चार दिवस कसे टिकले विचारलं तर म्हणाली, तुम्ही खा.

खाली एका दुकानदाराने सांगितलं, सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान या दिवाडीवरच. पोर्तुगीज काळात देव नदीपार नार्व्याला नेला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून घेतलं. मी पंचाहत्तर वर्षांचा झालो, हे मला माहीत नव्हतं. परतताना मुद्दाम नार्व्याच्या फेरीने गेलो. उलटी वाट पडली, रिक्षाला पैसे गेले, मंडळी खूश.

भरतीत अडकलेला

आयोनाचंच शेपूट जोडतो. 635 साली आयोनाहून एडन नावाचे भिक्षू निघाले ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्नला येऊन राहिले. ते भरतीचं बेट. दिवसातून दोनदा पाणी रस्ता गिळतं. मोटारीचा रस्ता आहे, पण यात्रेकरू ओहोटीत वाळूतून, खांबांच्या ओळीने चालतात. साधारण तीन मैल, अनवाणी.

लिहायला सोपं. मध्यावर काळा चिखल घोट्यापर्यंत. बायको पुढे, मी मागे बूट हातात घेऊन. एक बूट पडला. तो शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली आणि ती नको होती. वाटेत उंच खांबांवर शिडी लावलेल्या पेट्यांसारख्या खोल्या आहेत, पाणी चढलं तर जीव वाचवायला. त्यातल्या एकीकडे बायकोने ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. दूर वाळूवर सील रडत होते. खरंच रडल्यासारखं ओरडतात. पोहोचलो वेळेत, एका बुटावर. तिथलं दुकान बंद होतं.

फुकुओकाची सून

मी हिंदू, नवरा केरळचा कॅथलिक. त्याच्यासाठी जपानच्या गोतो बेटांवर गेले. थोडंच लिहिते, कारण त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. फुकुए बेटावरून छोट्या बोटीने हिसाका. गाव निवांत, टॅक्सीवाला एकच. 1868 साली, म्हणजे नवं मेइजी सरकार आल्यावर, इथे सुमारे दोनशे ख्रिश्चनांना बारा ताटामींच्या (जपानी चटयांच्या) एका घरात कोंडलं होतं. बारा ताटामी म्हणजे वीसेक चौरस मीटर. आमचा फ्लॅट त्याच्या दुप्पट आहे. बेचाळीस जण दगावले, त्यात मुलंही. ख्रिश्चन धर्मावरची बंदी उठली 1873 साली.

तिथल्या चर्चमध्ये जाताना चपला काढायच्या असतात. नवरा दारात थबकला, चर्चमध्ये चपला काढायची त्याला सवय नाही. मी आधीच काढून रांगेत लावल्या होत्या. परतीच्या बोटीला दोन तास होते. धक्क्यावर एक आजी जाळी दुरुस्त करत होत्या, त्यांनी आम्हाला बसायला खोकं दिलं.

नवीन सभासद

आयोनाच्या छोट्या बोटीचं आरक्षण आधी करावं लागतं का? आईला न्यायचंय, गुडघे दुखतात.

धागाकर्ती

छोट्या बोटीला आरक्षण नसतं, रांगेत उभं राहायचं. ओबानच्या बोटीत गाडी न्यायची असेल तर मात्र फार आधी करा. गुडघ्यांचं म्हणाल तर चालणं कमी आहे, चढ-उतार आहे. फिनफर्टला धक्का म्हणजे पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार. त्यावर शेवाळ असतं आणि मोठी लाट आली की वरपर्यंत येते. आईंना पुढे काढू नका, बोटीवरचा माणूस हात करेल तेव्हाच पाऊल टाका. आणि जाडे मोजे दोन जोड. माझे पहिल्याच लाटेत भिजले.