मदत हवी आहे: ओमाहा पोकरचा हिशोब

दर रविवारी कोथरूडला मावसभावाकडे आमचा पोकरचा डाव बसतो, चिंचोक्यांवर, पैसे अजिबात नाहीत. टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार जमलाय. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला हरवतो, इथे उलट, तेही आता अंगवळणी पडलंय.

पण ओमाहा या दुसऱ्या प्रकारात अडलोय. हातात चार पानं, त्यातली नेमकी दोनच आणि खाली टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पाचातली तीन घ्यायची. काल माझ्याकडे बदामचा एकटा एक्का, खाली चार बदाम. मी फ्लश (म्हणजे कलर) म्हणून पानं दाखवली आणि सगळे ओरडले! चूक माझीच होती.

आता हाय-लो शिकतोय, म्हणजे ज्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान हात डाव वाटून घेतात. मोठ्या (हाय) आणि लहान (लो) हातासाठी वेगवेगळी दोन पानं चालतात का? जाणकारांनी एखादा डाव मांडून समजावलं तर फार बरं होईल.