कमी खर्चात एसडीआरवर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओवर) रडार करायचंय, सुरुवात कुठून करू?

ठाणेकर_ईएक्सटीसी: नमस्कार मंडळी, थर्ड इयरला आहे, मिनी प्रोजेक्टला रडार करायचं डोक्यात आहे, बजेट १० हजारांच्या आत. घरी एक आरटीएल-एसडीआर डोंगल (फक्त ऐकणारा यूएसबी रिसीव्हर) आहे, त्यावर विमानांचं एडीएस-बी (विमानं स्वतःची जागा आणि वेग कळवतात ते सिग्नल) बघून झालंय. आता सेकंडहँड हॅकआरएफ (पाठवूही शकणारा एसडीआर) मिळतोय, तो घेऊन पल्स सोडायच्या आणि विमानाचा इको पकडायचा असा विचार आहे. जमेल का?

तांब्याची तार: हॅकआरएफ यासाठी नका घेऊ. तो एकतर पाठवतो नाहीतर ऐकतो, दोन्ही एकदम नाही, आणि १५० मीटरवरचा इको १ मायक्रोसेकंदात परत येतो, तेवढ्यात तो पलटणार कसा? शिवाय काही मिलीवॅटमध्ये लांबच्या विमानावरून काही हाती लागत नाही आणि वाटेल त्या बँडवर पॉवर सोडायची परवानगीही नाही.

विमानच हवं असेल तर पॅसिव्ह रडार करा. पाठवायचं काम एफएम स्टेशन दिवसभर करतंच आहे, आपण फक्त ऐकायचं. १९३५ साली इंग्लंडात वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या शास्त्रज्ञांनी डेव्हेंट्रीजवळ हेच करून दाखवलं होतं, बीबीसीच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरच्या लहरी हेफर्ड बॉम्बरवरून परत येताना पकडल्या.

अजून एक डोंगल घ्या. एक अँटेना स्टेशनकडे, दुसरी आकाशाकडे, आणि दोन्ही सिग्नल वेगवेगळा उशीर आणि डॉप्लर (हालचालीमुळे पडणारा फ्रिक्वेन्सीतला फरक) देऊन जुळवून बघायचे. दोन्ही डोंगल एकाच २८.८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर पाहिजेत, म्हणजे एकाचा क्रिस्टल काढून दुसऱ्याचा क्लॉक तिथे आणायचा. तरी यूएसबीमुळे दोघं मागेपुढे सुरू होतात, म्हणून दर वेळी आधी दोघांना एकच नॉइज देऊन फरक मोजून घ्या, हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया.

गच्चीवरचा यागी: तारभाऊंशी सहमत, पण खरी लढाई स्टेशनकडून थेट येणाऱ्या सिग्नलशी आहे. डोंगल ८ बिटचं, म्हणजे मोठ्या आणि बारीक सिग्नलमधला जेमतेम ५० डीबीचा फरक पेलणारं, आणि इको त्याच्याही खाली असतो. त्यामुळे आकाशाकडची अँटेना अशी लावा की ती आणि टॉवर यांच्यामध्ये जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी येईल. उरलेला थेट सिग्नल सॉफ्टवेअरमध्ये वजा करायचा, पण आधी भिंतीनं जेवढा अडेल तेवढा अडवा.

अजून एक, स्टेशन गाणी लावणारं निवडा. निवेदक बोलता बोलता थांबला की सिग्नलची बँडविड्थ आक्रसते आणि अंतराचा अंदाज पार पसरतो. भरगच्च वाद्यमेळ असेल तर १०० किलोहर्ट्झ धरून दीड किलोमीटरपर्यंत नेमकेपणा येतो.

ठाणेकर_ईएक्सटीसी: खूप आभार दोघांचे! दीड किलोमीटर म्हणजे फारच ढोबळ झालं ना? आणि दिसलं ते विमानच होतं हे सरांना कसं पटवू?

तांब्याची तार: अंतर ढोबळ असलं तरी डॉप्लर झकास मिळतो. ९८.३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटरच्या आसपास, त्यामुळे २०० मीटर प्रतिसेकंद वेगाचं विमान सरळ अंगावर येत असेल तर साधारण १३० हर्ट्झचा फरक दिसेल. पटवायला तुमचं एडीएस-बी आहेच की, तिसऱ्या डोंगलवर ते चालू ठेवा, त्यातल्या जागेवरून आणि वेगावरून अपेक्षित डॉप्लर काढा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा.

गच्चीवरचा यागी: आणि पाठवणारंच रडार हवं असेल तर प्लुटो (हाही एक एसडीआर) बघा, तो एकाच वेळी पाठवतो आणि ऐकतो, फक्त बजेट वाढेल. २.४ गिगाहर्ट्झ लायसन्सफ्री आहे, अँप्लिफायर न लावता रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजा, ताशी ४० किलोमीटरला साधारण १७८ हर्ट्झ येतात. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ धरली तर अंतराचा नेमकेपणा साडेसात मीटर. पण मी म्हणेन आधी एफएमवालंच करा, सिग्नल प्रोसेसिंग खरं तिथेच शिकाल. क्लॉकची तार आखूड ठेवा आणि जोडणी झाली की फोटो टाका, बघून सांगतो.