पटकथा स्पर्धेला फी भरून स्क्रिप्ट पाठवावी का? खरी कुठली आणि नुसती पैसे काढणारी कुठली, कसं ओळखता?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी कराडचा, सहकारी बँकेत नोकरीला आहे. गेली तीन वर्षं रात्री जागून एक मराठी फीचर स्क्रिप्ट लिहिलीय, माण-खटाव भागात पाण्याचा टँकर चालवणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट आहे, तिसरा ड्राफ्ट झाला, ११२ पानं. आता पुढं काय? मुंबईत ओळखीचं कुणी नाही, निर्मात्याला नॅरेशन द्यायचं, म्हणजे समोर बसून गोष्ट ऐकवायची, तर आधी त्याच्यापर्यंत पोचायला पाहिजे. म्हणून स्पर्धा हा एकच दरवाजा दिसतोय.

तर इन्स्टावर एक जाहिरात सारखी येतीय. फी १९९९, रविवारपर्यंत, त्यानंतर २९९९. लेखी फीडबॅक पाहिजे तर ३५०० वेगळे. विजेत्या स्क्रिप्ट ‘नामवंत निर्मात्यांपर्यंत’ पोचवणार म्हणतात. ज्युरीच्या जागी ‘लवकरच जाहीर करू’ लिहिलंय.

मी एवढा घाबरून विचारतोय त्याला कारण आहे. मागच्या वर्षी एका परदेशी स्पर्धेत ४० डॉलर भरून सिनॉप्सिस (कथेचा सारांश) आणि स्क्रिप्टचं इंग्रजी भाषांतर पाठवलं होतं. तीन आठवड्यांत मेल आला, तुम्ही सेमीफायनलिस्ट. घरात एवढा आनंद झाला की आईनं गल्लीत पेढे वाटले. आठ दिवसांनी दुसरा मेल, सर्टिफिकेट आणि ट्रॉफी हवी असेल तर ८५ डॉलर आणि कुरिअरचे वेगळे. मग मी त्यांची साइट नीट बघितली तर ती स्पर्धा दर महिन्याला असते आणि दर महिन्याला सेमीफायनलिस्टची यादी चार-चार पानांची. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

म्हणून विचारतो, खरी स्पर्धा ओळखायची कशी? आणि स्क्रिप्ट चोरीला जाईल ही भीती कितपत खरी आहे? ज्यांनी भाग घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पहिली_फेरी
दादा, पेढ्यांचं वाचून वाईट वाटलं. तुमची स्क्रिप्ट कशी आहे याचा आणि त्या मेलचा काहीही संबंध नाही हे आधी मनातून काढून टाका.

मी दोन वर्षं एका स्पर्धेसाठी पहिल्या फेरीचं वाचन केलंय, नाव घेत नाही. आतून काय चालतं ते सांगतो. जाहिरातीत ज्युरी म्हणून जे फोटो असतात ती माणसं शेवटच्या दहा-पंधरा स्क्रिप्ट वाचतात, त्याच्या आधीचा सगळा ढीग आमच्यासारखे लोक वाचतात. मला स्क्रिप्टमागं पैसे मिळायचे, तासामागं नाही, म्हणजे जितकं भरभर वाचाल तितकी कमाई. मी शक्यतो पूर्ण वाचायचो, पण रात्री अकरा वाजता त्या दिवसाची सातवी स्क्रिप्ट उघडल्यावर माणूस पहिल्या वीस पानांत मत बनवून मोकळा होतो, हे खरं आहे आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

भाषेचं तर विचारूच नका. एक मराठी स्क्रिप्ट आली होती, नियमाप्रमाणे इंग्रजी भाषांतरात. त्यात सासू सुनेला म्हणते, तुझे पाय अशुभ आहेत म्हणून आपल्या विहिरीला पाणी नाही. मी शेरा मारला, संवाद सगळं समजावून सांगतात, आणि दहापैकी पाच दिले. नंतर त्या लेखिकेशी योगायोगानं बोलणं झालं तेव्हा कळलं मूळ वाक्य होतं, ‘तुझ्या पायगुणानं इहीर आटली.’ चार शब्द! सासूचा सगळा राग, घरातलं तिचं स्थान, सगळं त्या चार शब्दांत होतं आणि मी ते पाचात काढलं.

म्हणून तुम्ही त्या जाहिरातवाल्यांना सरळ मेल टाका. पहिल्या फेरीत कोण वाचतं, एका स्क्रिप्टला किती वाचक, मराठी स्क्रिप्ट मराठीत वाचणारा माणूस आहे का, आणि वाचक पूर्ण स्क्रिप्ट वाचतो का. जी स्पर्धा मन लावून चालवली जाते ती उत्तर देते, कारण त्यांनी त्याची सोय केलेली असते. उत्तराऐवजी परत ऑफरचाच मेसेज आला तर समजून जा.

फीडबॅकच्या ३५०० बद्दल, तो एक नमुना दाखवा म्हणावं. चांगला फीडबॅक असेल तर त्यात तुमच्या पात्रांची नावं, सीन, पानं येतात. ‘दुसरा अंक थोडा संथ आहे, नायकाचा हेतू अधिक स्पष्ट करा’ हे कुठल्याही स्क्रिप्टला चिकटवता येतं.

ठाण्याची_वकील
मी कॉपीराइटची कामं बघते, चोरीच्या प्रश्नावर लिहिते.

लोक चोरीला घाबरतात पण स्वतः सही करून हक्क देऊन टाकतात त्याला घाबरत नाहीत, माझ्याकडं येणाऱ्या केसेसमध्ये हे दुसरंच जास्त असतं. नियम आणि अटींचं पान पूर्ण वाचा. एन्ट्री पाठवल्याबरोबर आयोजकांना स्क्रिप्टवर कायमचे, जगभरासाठीचे, कुठल्याही माध्यमातले हक्क मिळतील असं वाक्य असेल तर तिथंच थांबा, बक्षीस कितीही मोठं असू दे. हे हक्क नुसत्या विजेत्याकडून घेतायत की भाग घेणाऱ्या प्रत्येकाकडून, तेही बघा. विजेत्याशी बोलणी करण्याचा पहिला हक्क काही महिने आमच्याकडं, असं असेल तर ते समजण्यासारखं आहे, पण त्याला मुदत पाहिजे आणि पुढं सिनेमा झाला तर मोबदल्याचा वेगळा करार पाहिजे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला बरंच संरक्षण आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण या सगळ्या तरतुदी काही लिहिलेलं नसेल तेव्हाच्या आहेत. करारात ‘कायमस्वरूपी’ लिहिलं आणि तुम्ही होकार दिलात की त्या उपयोगी पडत नाहीत, म्हणून ते एक पान वाचायला कंटाळू नका.

दुसरं, नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्याला असतो. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. म्हणजे ‘टँकर ड्रायव्हरची गोष्ट’ कुणीही लिहू शकतो, पण तुमचे सीन, तुमचे संवाद, तुमची रचना तुमची आहे. म्हणून दोन ओळींची आयडिया सगळीकडं पाठवत बसण्यापेक्षा पूर्ण लिहिलेली, तारखेनिशी नोंदवलेली स्क्रिप्ट जास्त सुरक्षित. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तयार होतोच, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर पुरावा लागतो. कॉपीराइट ऑफिसमध्ये साहित्यकृतीसाठी ५०० रुपये फी आहे, ऑनलाइन होतं, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. किंवा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा, तिथं सभासदांना स्क्रिप्ट ऑनलाइन नोंदवता येते. स्पर्धेला १९९९ भरायच्या आधी हे करा, कळकळीनं सांगतेय.

अंधेरी_पश्चिम
वर सगळ्यांनी सावध केलंय ते बरोबरच आहे पण स्पर्धा म्हणजे सगळा बाजारच असं नवीन मुलांनी समजू नये म्हणून लिहितोय. मी सिरियलसाठी असोसिएट म्हणून लिहितो, अकरा वर्षं झाली इथं.

‘लापता लेडीज’ स्पर्धेतूनच आला. सिनेस्तान या कंपनीच्या पटकथा स्पर्धेत बिप्लब गोस्वामी यांची ‘टू ब्राइड्स’ उपविजेती होती, परीक्षकांत आमिर खान होते, त्यांनी ती वाचली, घेतली, किरण राव यांनी दिग्दर्शित केली आणि २०२४ मध्ये सिनेमा आला, पुढं भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. आता या स्पर्धेत काय काय होतं ते बघा. ज्युरी आधीच जाहीर, त्यात अंजुम राजाबली, जुही चतुर्वेदी, राजकुमार हिरानी, म्हणजे स्वतः पटकथा लिहिणारी माणसं. पहिल्या वेळी पहिलं बक्षीस २५ लाख. आणि आयोजक स्वतः सिनेमाच्या धंद्यातले. स्पर्धा फीवर जगत नव्हती, त्यांना खरंच स्क्रिप्ट पाहिजे होत्या. माझा तरी सगळ्यात मोठा निकष हाच आहे. आयोजकाचा पैसा कुठून येतो? तुमच्या फीतूनच सगळं चालत असेल तर त्याला जास्तीत जास्त एन्ट्री पाहिजेत, चांगली स्क्रिप्ट सापडली नाही तरी त्याचं काही अडत नाही.

वकील ताईंच्या मुद्द्याला जोडून, त्या सिनेमाची कथा उचललेली आहे असा नंतर वाद झाला तेव्हा गोस्वामींनी सांगितलं की त्यांनी सविस्तर सिनॉप्सिस २०१४ मध्ये आणि पूर्ण स्क्रिप्ट २०१८ मध्ये असोसिएशनकडं नोंदवली होती. हातात तारखा असल्या की माणूस ठामपणे बोलू शकतो. आणि अजून एक, सिनेमाची पटकथा-संवाद शेवटी स्नेहा देसाई यांचे आहेत, कथा गोस्वामींची. म्हणजे जिंकलं तरी तुमची ११२ पानं जशीच्या तशी पडद्यावर येतील असं नाही, ती मनाची तयारी ठेवा.

परदेशातली सगळ्यात मानाची म्हणजे ऑस्करवाल्या अकॅडमीची निकोल फेलोशिप, ३५,००० डॉलर मिळतात, अकॅडमी तुमच्या स्क्रिप्टवर हक्क सांगत नाही. पण स्क्रिप्ट मुळात इंग्रजीतच लिहिलेली लागते, भाषांतर चालत नाही, आणि २०२५ पासून थेट अर्ज बंद करून ‘द ब्लॅक लिस्ट’ ही पटकथांची वेबसाइट आणि काही विद्यापीठं वगैरेंमार्फत घेतात. म्हणजे आपल्या मराठी स्क्रिप्टला तो रस्ताच नाही.

तुमच्यासाठी मी एनएफडीसीची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, स्क्रीनरायटर्स लॅब सुचवेन. ही बक्षिसाची स्पर्धा नाही, मोजकी स्क्रिप्ट निवडतात आणि मेंटरबरोबर बसवून परत परत लिहून घेतात. ‘द लंचबॉक्स’, ‘तितली’ तिथून गेलेले. गोव्याच्या फिल्म बाजारशी ती जोडलेली आहे, त्यामुळं लिहिणारा आणि निर्माता समोरासमोर येतात. निवड अवघड आहे, मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नाही झालं, पण अर्जासाठी स्क्रिप्टवर जे काम केलं त्यामुळं माझी स्क्रिप्ट सुधारली.

विश्रामबाग
मी सांगलीची, नाटकात वाढलेली, त्यामुळं थोडं वेगळं सांगते.

आपल्याकडं स्पर्धा काय नवीन आहेत का हो? राज्य नाट्य स्पर्धा आहे, पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय. तिथं निकालावर भांडणं होतात, रुसवेफुगवे होतात, पण परीक्षक तुमच्यासमोर पहिल्या रांगेत बसलेले असतात, दुसऱ्यांची एकांकिका तुम्ही स्वतः बघितलेली असते, त्यामुळं पहिला नंबर कुणाला का गेला ते हॉलमधल्या प्रत्येकाला कळतं, पटो न पटो. पटकथेच्या स्पर्धेत यातलं काहीच दिसत नाही! कुणी वाचलं माहीत नाही, जिंकलेली स्क्रिप्ट वाचायला मिळत नाही. म्हणून निदान मागच्या विजेत्यांची नावं शोधा, त्यातल्या दोघा-तिघांना मेसेज करा की बाबांनो बक्षिसाची रक्कम खात्यात आली का, निर्मात्यानं फोन केला का. माणसं सांगतात. विजेत्यांची नावंच सापडत नसतील किंवा पाच वर्षांत एकाचंही पुढं काही झालं नसेल तर फी भरून उपयोग नाही.

आणि माझं स्पष्ट मत, तिसऱ्या ड्राफ्टला स्पर्धेत पाठवूच नका. आधी वाचन करा. आमच्याकडं नाटक बसवण्याआधी गोल बसून वाचतात तसं, सहा-सात जण, प्रत्येकाला एकेक पात्र द्यायचं, लेखकानं गप्प बसून ऐकायचं. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाची स्क्रिप्ट आम्ही अशी वाचली, त्यात बापाचं दीड पानाचं स्वगत होतं. वाचणारे काका तिसऱ्या ओळीला अडखळले, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथंच अडखळले, आणि म्हणाले, ‘हे बाप बोलणार नाही रे, बाप उठून गोठ्यात जाईल.’ त्या मुलानं तिथंच पेन्सिलीनं दीड पान खोडलं. चहा आणि भडंग एवढाच खर्च.

पहिली_फेरी
विश्रामबाग, अगदी मान्य. फक्त एक, स्पर्धेची शेवटची तारीख असल्याशिवाय काही जणांचा ड्राफ्ट पूर्णच होत नाही, त्याचाही उपयोग असतो. पण त्यासाठी वर्षाला एक किंवा दोन, निवडून. मी असे लेखक बघितलेत जे वर्षाला वीस-पंचवीस हजार फीमध्ये घालवतात आणि तीच स्क्रिप्ट एक शब्द न बदलता सगळीकडं फिरवतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल त्यांना मेल टाकला, पहिली_फेरी यांनी सांगितलेले चारही प्रश्न विचारले. दोन तासांत उत्तर आलं, त्यात एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, फक्त माझ्यासाठी खास १४९९ मध्ये एन्ट्री आणि आज रात्री बारापर्यंतच. मग अटींचं पान उघडलं, चौदाव्या मुद्द्यात लिहिलंय की सादर केलेलं सर्व साहित्य आयोजकांना ‘कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ वापरता येईल. विजेत्यांचं नाही, सर्वांचं. हे वकील ताईंनी सांगितलं नसतं तर मी खाली टिक करून मोकळा झालो असतो. पैसे भरले नाहीत.

आज दुपारी लंच टाइममध्ये कॉपीराइटचा फॉर्म भरायला घेतलाय. एनएफडीसीच्या लॅबचं पुढच्या वेळी नक्की बघतो, तोपर्यंत चौथा ड्राफ्ट.

आणि विश्रामबाग ताई, कराड ते सांगली मला दीड-दोन तास लागतात, दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. तुमचा ग्रुप वाचणार असेल तर मी आठ प्रती काढून आणतो. टँकर ड्रायव्हर वाचायला कुणी माणदेशी बोलणारं असलं तर फार बरं होईल, नाहीतर मी माझ्या मावसभावाला घेऊन येतो, तो दहिवडीचा आहे, त्यानं चार उन्हाळे टँकर चालवलाय.

विश्रामबाग
मावसभावाला घेऊनच या. सकाळी दहाला सुरू करू, ११२ पानं म्हणजे दुपार होईल, जेवण आमच्याकडं. प्रती मोठ्या अक्षरात काढा, आमच्या काकांना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही.