वेट किट, ड्राय किट, की सोलापुरात नायट्रसचा नादच नको?

होटगीरोडकर
गाडी 2002 ची होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. कंपनीतून निघाली तेव्हा 106 हॉर्सपॉवरची होती, आता त्यातले किती घोडे चरायला गेलेत देव जाणे. टर्बो बसवायचा तर मॅनिफोल्डपासून इंटरकूलरपर्यंत सगळं आलं, म्हणजे घर गहाण. नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड गॅस, इंजिनात जादा ऑक्सिजन कोंबून जोर वाढवायला. त्याला एक बाटली, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), नोझल आणि मूठभर जेट, म्हणजे किती सुटेल ते ठरवणारी मोजक्या भोकाची तोंडं. बटण बंद केलं की गाडी परत पूर्वीसारखी, आई भाजी आणायला घेऊन जाऊ शकते.
माझं मत : वेट किट, 50 चा शॉट (म्हणजे 50 हॉर्सपॉवर जादा), 10 पाउंडाची बाटली. वेटमध्ये गॅससोबत जादा पेट्रोलही नोझलमधूनच येतं, त्यामुळे मिश्रण सुकं राहायची, म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापायची भीती कमी. नोझलमधून नुसता गॅस सोडणाऱ्या ड्रायवाल्यांनी आता बोलावं.

पाना_नंबर_दहा
ड्रायवाला हजर. भावा, तुझ्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून, पेट्रोल कधी गेलेलंच नाही, तिथून नुसती हवा जाते. पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी, पोर्टाशी, इंजेक्टर सोडतो. तू लांबून नोझल मारलास की वळणावळणावर पेट्रोल साचणार. एखाद्या सिलिंडरला जास्त, एखाद्याला कमी, आणि बॅकफायर झाला तर इनटेक फुटून हातात. ड्रायमध्ये ही भानगडच नाही.

होटगीरोडकर
पण सिटीला एमएपी सेन्सर आहे की ओ मालक. तो फक्त मॅनिफोल्डचा दाब बघतो. मी ऑक्सिजन जास्त कोंबला हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, कळणारच नाही, तो आपला रोजचंच पेट्रोल देणार. मग जादा पेट्रोल आणायचं कुठून? पिगीबॅक (ईसीयूला जोडून पेट्रोल वाढवणारा डबा) आणि मोठे इंजेक्टर घ्यायचे तर स्वस्तातलं किट कसलं!

पाना_नंबर_दहा
एमएपीचं बरोबर, ते मान्य. मग वेटच घे, पण नोझल थ्रॉटल बॉडीला, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला, चिकटून लाव. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय आणि 3000 आरपीएमच्या वर गेल्याशिवाय सोलेनॉइड उघडता कामा नये, तसे दोन स्विच टाक. स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. दर 50 हॉर्सपॉवरला टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, साधारण दोन अंश मागे. आणि सगळ्यात आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघ. चार सिलिंडरचे आकडे सारखे नसतील तर किटचे पैसे रिंगा-पिस्टनला घाल.

डिगरी_चव्वेचाळीस
दोघंही नोझलपाशीच अडकलात. बाटलीकडे बघा की.
नायट्रस ऑक्साइड बाटलीत द्रव असतो, म्हणून साडेचार किलो मावतो. पण 36.4 अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहतच नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीत 42-43 असतं. सात रस्त्याला दुपारी तासभर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीचं काय होत असेल, हात घालून बघा.
किटचे जेट बाटलीत 900 ते 950 पीएसआय दाब आहे असं धरून काढलेले असतात. तेवढा दाब साधारण 30 अंशांना मिळतो, म्हणजे आपली डिसेंबरातली दुपार. उन्हाळ्यात काटा तेराशेच्या पुढे गेला की नायट्रस जास्त सुटणार, गाडीतल्या फ्युएल पंपाचा दाब मात्र तेवढाच. वेट घ्या नाहीतर ड्राय, मिश्रण सुकंच होणार. परदेशी किटसोबत बाटली गरम करायचा हीटर विकतात. सोलापुरात तो घेणारा भेटला तर मला त्याचं दर्शन घ्यायचंय.

रात्रपाळी
इतकं काय घाबरवता ओ? बाटली डिकीत कशाला, मागच्या सीटच्या जागी बांधा, एसी चालू ठेवा. वापर रात्री करा. दाब वाढला तर ओला टॉवेल गुंडाळायचा, जगभरातले ड्रॅगवाले हेच करतात. तशीही 50 च्या शॉटला आख्खी बाटली जेमतेम तीन मिनिटं पुरते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विमानांत हाच गॅस वापरला.

डिगरी_चव्वेचाळीस
ती विमानं आठ-दहा किलोमीटर उंचीवर उडायची, बाहेर उणे चाळीस! त्यांचा दाखला देऊन तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. आणि सेफ्टी डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी चकती) फुटली तर तो साडेचार किलो गॅस आपण बसलोय त्याच केबिनमध्ये, काचा बंद, एसी चालू. भूल द्यायला हाच गॅस वापरतात, आठवतंय ना?

रात्रपाळी
डिस्कच्या तोंडाला बाहेर जाणारी नळी लावतात. किटसोबत नसेल तर वेगळी मिळते. ती न लावणाऱ्याने बाटलीला हातच लावू नये, एवढं मात्र मान्य.

एमएच_तेरा
बाटली नवीन येईल हो, ती रिकामी झाल्यावर भरणार कोण? दवाखान्याच्या सिलिंडरमधून कोणी चोरून भरून देतो म्हणाला तर उभं राहू नका तिथे. गॅस सिलिंडर रूल्स 2016 प्रमाणे भरायला परवाना लागतो.
शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमावाल्याने अपघातानंतर बोनेट उघडलं तर तो नायट्रसची निळी नळी बघूनच फाइल मिटेल. ट्रॅकवर चालवायची तर चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठा. विजापूर रोड हा ट्रॅक नाही.

पाना_नंबर_दहा
यावर वाद नाही. माझ्या गॅरेजात रस्त्यावरच्या गाडीला नायट्रस बसत नाही.

मेव्हण्याची_गाडी
आमच्या घरातलं सांगतो. मेव्हण्याने बाहेरगावच्या एका गॅरेजात 75 चा शॉट बसवून घेतला, मूळ फ्युएल पंपावरच. चार दिवस नुसता जल्लोष. पाचव्या दिवशी गाडी तीन सिलिंडरवर आली. प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके. मेव्हणा म्हणाला कार्बन आहे. मी नखाने खरवडला तर चमकला. ॲल्युमिनियम! पिस्टनच वितळून प्लगवर उडत होता. हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनचा कडेचा तुकडा चावलेल्या भाकरीसारखा गायब. गॅरेजवाला म्हणे, 'तुमचं पेट्रोल खराब असेल.' तो पिस्टन आता टेबलावर असतो, मेव्हणा त्यात पेनं ठेवतो.

होटगीरोडकर
75 ला मूळ पंप म्हणजे आत्महत्याच की. मी 50 म्हणतोय, आणि पंप नवीन टाकणार होतो.

मेव्हण्याची_गाडी
मेव्हणाही आधी 50 च म्हणत होता. जेट बदलायला दहा मिनिटं लागतात, हाच तर त्या किटचा घोळ आहे.

होटगीरोडकर
हे मात्र लागलं बघा, कारण 75 चा जेट मीही कार्टमध्ये टाकून ठेवला होता. काढला. किट आत्ता मागवत नाही. रविवारी कॉम्प्रेशन मोजतो. चारही आकडे सारखे आले तर कोइमतूरच्या खर्चाचं बोलू, डिसेंबरात.

पाना_नंबर_दहा
रविवारी गॅरेज बंद. शनिवारी ये, इंजिन गरम असतानाच आण.