नॅशव्हिलला जाण्याआधी: जॅक्सन यांचे घर आणि गाण्याचे शहर

मामा: मेधा, ऑक्टोबरात आम्ही तुझ्याकडे अटलांटाला येऊ तेव्हा टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिललाही जाऊन यावे, असे ठरवत आहोत. मला अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे ‘हर्मिटेज’ हे घर पाहायचे आहे आणि मामीला तिथले संगीत ऐकायचे आहे. एक दिवस माझा आणि एक दिवस तिचा, अशी वाटणी केली तर चालेल का?

मेधा: मामा, दोन दिवस पुरतील, पण वाटणी करू नका, दोन्ही गोष्टी तुम्ही दोघांनी मिळून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते. जॅक्सन यांनी ही जमीन १८०४ मध्ये घेतली आणि पुढची बरीच वर्षे ते पत्नी रेचल यांच्यासह लाकडी ओंडक्यांच्या घरात राहिले. विटांचे घर १८२१ मध्ये तयार झाले, १८३४ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली आणि आज दिसणारा उंच खांबांचा दर्शनी भाग त्यानंतरचा आहे. आतल्या सामानापैकी बरेचसे जॅक्सन कुटुंबाचेच असल्यामुळे ते घर सजवून मांडलेले वाटत नाही. जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, पण त्यांच्या शपथविधीच्या आधीच, डिसेंबर १८२८ मध्ये, रेचल वारल्या. बागेत त्यांची समाधी आहे आणि १८४५ मध्ये जॅक्सन यांनाही तिथेच पुरले.

दादा: मामा, जॅक्सन यांनी सही केलेला १८३० चा कायदा विसरू नका. त्याच कायद्याच्या आधारे चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्यात आले आणि त्या वाटचालीत हजारो माणसे मरण पावली. अशा माणसाच्या घरी आपण श्रद्धेने जावे, हे मला पटत नाही.

मेधा: दादा, श्रद्धेने जाऊच नये, पण जावे नक्की. हर्मिटेज हा कापसाचा मळा होता आणि तो शंभराहून अधिक गुलामांच्या श्रमांवर चालत होता. त्यांच्यापैकी आल्फ्रेड यांची खोपटी अजून उभी आहे. गुलामगिरी संपल्यावरही ते तिथेच राहिले, उतारवयात पाहुण्यांना घर दाखवत असत आणि १९०१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना जॅक्सन यांच्या समाधीजवळ पुरण्यात आले. मोठ्या घरात कितीही वेळ गेला तरी खोपटीपाशी थांबल्याशिवाय परतू नका. गुलामांची एक दफनभूमी तर तिथे अगदी अलीकडे, २०२४ मध्ये सापडल्याचे जाहीर झाले.

मामी: मेधा, मग संगीताची सुरुवातही मी त्याच माणसांपासून करावी, असे तुला म्हणायचे आहे का?

मेधा: होय मामी, अगदी तेच. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये नॅशव्हिलला फिस्क ही संस्था सुरू झाली. पैशाअभावी ती बंद पडायची वेळ आली, तेव्हा १८७१ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांचे छोटे गायकपथक दौऱ्यावर निघाले. गुलामगिरीत जन्मलेली भक्तिगीते त्यांनी शहराशहरांत गायली, १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोरही गायली आणि जमलेल्या पैशांतून ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत उभी केली. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्याच १८७३ सालचा असून त्याची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना उद्देशून आहे, त्यामुळे त्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर आपल्याला परकेपणा वाटू नये.

त्यानंतर रायमन सभागृहात जा. जहाजांचे कप्तान टॉमस रायमन यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये ते प्रार्थनेसाठी बांधले गेले, म्हणून तिथे आजही चर्चमधल्यासारखी लांब बाके आहेत. १९२५ मध्ये रेडिओवर सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम १९४३ पासून १९७४ पर्यंत तिथून होत असे. कार्यक्रम ‘ऑप्री हाउस’ या नव्या सभागृहात गेला, तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा एक गोल तुकडा कापून नेला आणि तो नव्या मंचात बसवला. गायक अजूनही त्यावर उभे राहून गातात.

मामा: मग वाटणी रद्द. क्रम कसा ठेवू?

मेधा: पहिल्या दिवशी सकाळी हर्मिटेज आणि संध्याकाळी ऑप्री, कारण ती दोन्ही ठिकाणे शहराच्या मध्यापासून दूर, पण एकमेकांपासून जवळ आहेत. दुसऱ्या दिवशी फिस्क, रायमन आणि त्यासमोरचे २०२१ मध्ये उघडलेले आफ्रिकी-अमेरिकी संगीताचे संग्रहालय पाहा. ऑप्रीचा कार्यक्रम रोज नसतो, म्हणून त्याची तारीख पाहूनच हॉटेल ठरवा. नॅशव्हिलचे घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असते, त्यामुळे सकाळी निघालात तर जाताना एक तास हाती राहील.