गटाने अभ्यास केल्याने गणित पक्के होते का?

प्रश्न (वसतिगृहवासी)
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणित घेऊन शिकत आहे. आम्ही चौघे रिअल अ‍ॅनालिसिसचा अभ्यास एकत्र करतो, म्हणजे गृहपाठाची गणिते आपसांत वाटून घेतो आणि रात्री एकमेकांच्या वहीतून उतरवतो. सबमिशन वेळेवर होते; मात्र अंतर्गत परीक्षेत ज्याच्या वाट्याला जे गणित आले होते, तेवढेच त्याला सुटते. मोठ्या भावाच्या मते खोलीचे दार लावून एकट्यानेच बसावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त अध्यापक)
अमेरिकी गणितज्ञ उरी ट्रीझमन यांनी १९७०च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नेमका हाच प्रश्न हाताळला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात आणि चिनी वंशाचे पुढे का जातात, हे शोधण्यासाठी त्यांनी दोन्हींतील प्रत्येकी २० विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कच्ची तयारी, गरिबी, घरचे दुर्लक्ष ही प्राध्यापकांनी आधीच ठरवून ठेवलेली कारणे (ती आपल्याकडेही किती सहज पुढे केली जातात!) टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी आठवड्याला सुमारे ८ तास प्रामाणिकपणे, पण बहुतांशी एकटे बसत. चिनी विद्यार्थी सुमारे १४ तास देत. आधी स्वतः गणिते सोडवून मग संध्याकाळी एकत्र जमत आणि एकमेकांचे काम तपासत. कोणालाच न सुटलेले गणित मुळातच अवघड आहे हे तिथे उघड होई, त्यामुळे ते न सुटणे कोणी स्वतःची उणीव मानत नसे. पुढे ट्रीझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या, त्यांत सोपी उजळणी न देता मुद्दाम कठीण गणिते गटांपुढे ठेवली आणि निकाल लक्षणीय सुधारले. तेव्हा तुमच्या बंधूंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. दार लावून बसावे, पण नंतर ते उघडावेही.

उत्तर (माजी अभियांत्रिकी विद्यार्थी)
गटाचे एवढे कौतुक मला पटत नाही. आमच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक जण राबत असे, बाकीचे ओरलच्या आदल्या रात्री रिपोर्ट चाळत आणि गुण सर्वांना सारखे मिळत. प्रत्येकाला स्वतंत्रपणे जाब द्यावा लागत नसेल, तर गट हा कामचुकारांचा आडोसा ठरतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात जी पद्धत वापरली, तिच्यातही प्रत्येक विद्यार्थी आधी स्वतःचे उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याशी वाद घालतो आणि पुन्हा उत्तर देतो. ही पहिली नोंद वगळली, तर हुशार मुलाच्या उत्तराला बाकीचे नुसती मान डोलावतील.

उत्तर (निवृत्त अध्यापक)
आपला मुद्दा रास्त आहे, म्हणूनच वसतिगृहवासींना एक ठोस उदाहरण देतो. x² हे फलन a या बिंदूपाशी संतत आहे, म्हणजे x हा a च्या पुरेसा जवळ असला की x² आणि a² यांतील फरक दिलेल्या ε पेक्षा कमी राहतो, हे सिद्ध करताना x आणि a यांतील अंतराची मर्यादा δ ही १ आणि ε/(१+२|a|) यांपैकी लहान संख्या घेतात. ही ओळ चौघांच्याही वहीत असेल. आता ज्याने ती लिहिली त्याला इतरांनी विचारावे, की हा १ आला कुठून आणि त्याऐवजी २ घेतला तर चालेल का. x²−a² म्हणजे (x−a)(x+a); |x−a| ला १ची मर्यादा घातल्यामुळेच त्यातले |x+a| हे १+२|a| पेक्षा लहान राहते आणि २ घेतल्यास छेदही २+२|a| करावा लागतो, हे त्याला फळ्यावर मांडता आले, तरच ते गणित त्याचे झाले असे समजावे. पुढच्या गणिताला फळ्यापाशी दुसऱ्याला उभे करावे, आणि तो कोण हे आधी ठरवू नये.